थिबा राजाच्या मुली आणि आमची थोरली

दहिवडीहून निघाले की कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करीत गाडी कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर येते. मागे राहतो तो आपला देश. उघडी माळराने, ज्वारी-बाजरीची राने, मेंढ्यांचे कळप. खाली दिसते ते कोकण. झाडीने भरलेले, वळणावळणाचे, जवळ असून परके वाटणारे. नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही चौघे हा घाट उतरलो, ते फिरायला नव्हे, राहायला. माण तालुक्यातली आमची चार एकर कोरडवाहू. लागोपाठ दोन वर्षे पेरलेले हाती लागले नाही. तेवढ्यात ह्यांना रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागेत देखरेखीचे काम मिळाले. जमीन दिरांकडे दिली, सासूबाई त्यांच्याजवळ राहिल्या आणि आम्ही निघालो.

थोरली तेव्हा आठ वर्षांची होती, धाकटा चार वर्षांचा. धाकट्याला घाट लागला. थोरली मात्र खिडकीशी बसून आनंदात होती. कारण आम्ही तिला सांगितले होते, "आंबे खायला चाललोय."

भगिनींनो, ती आमची पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक. पोरगी रडेल, मैत्रिणींना सोडायला तयार होणार नाही, निघताना गोंधळ घालील, म्हणून आम्ही ही थाप मारली. निघण्याचा तो एक दिवस सुखाचा गेला. पण त्याची परतफेड आम्हाला पुढे सहा महिने करावी लागली.

नवे घर

बागेच्या कडेला आम्हाला घर मिळाले. जांभ्या दगडाचे, कौलारू, पुढे पडवी आणि शेणाने सारवलेले खळे. भोवती जांभ्याचाच गडगा. वाडीतून खाली उतरायला दगडी पायऱ्यांची पाखाडी. घर माणमधल्या आमच्या घरापेक्षा चांगले होते, पाणी दाराशी होते. मला वाटले, मुले इथे रमतील. पहिले आठ दिवस रमलीही. झाडाखाली पडलेले आंबे, करवंदे, फणसाचे गरे, नवे काही संपत नव्हते.

नवव्या दिवशी थोरलीने विचारले, "आई, शाळा उघडायच्या आत आपण घरी जाणार ना?"

मग खरे सांगणे भाग पडले. ती रडली नाही, भांडली नाही. नुसती गप्प झाली. त्या दिवसापासून तिच्या पोटात अन्न जाईना. तांदळाची भाकरी ताटात तशीच राहायची. मासळीच्या वासाने ती उठून जायची. धाकटा रात्री अंथरूण ओले करू लागला. ही सवय त्याची दोन वर्षांपूर्वीच सुटली होती. मी त्याला रागावले, एकदा मारलेही. आता आठवले की वाईट वाटते.

जूनमध्ये पाऊस लागला. आमच्या माणात वर्षभरात जेवढा पडतो, त्याहून जास्त पाऊस इथे एकट्या जुलैत पडतो. कपडे वाळत नाहीत, सूर्य दिसत नाही, रात्रभर कौलांवर धो धो आवाज. मुलांनी असा पाऊस कधी ऐकलाच नव्हता. शाळेत थोरलीच्या बोलण्याला मुले हसायची. मराठीच दोघांचीही, पण हेल वेगळा, शब्द वेगळे. ती घरी येऊन सांगेनाशी झाली. गावाकडे आजीला फोन लावून दिला की ती फोनवर हुंदके द्यायची, म्हणून आम्ही फोन देणेच बंद केले. वाटले, आठवण निघाली नाही म्हणजे विसरेल. ही आमची दुसरी चूक. मूल विसरत नाही, फक्त आपल्यापाशी बोलत नाही.

राजवाड्यात

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ह्यांना सुटी होती. मुलांना शहर दाखवावे म्हणून एस.टी.ने रत्नागिरीला गेलो. शेजारच्या काकी म्हणाल्या होत्या, "थिबा राजाचा वाडा दाखवा पोरांना."

हा राजवाडा उंचावर आहे. तिथून खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. इमारत तीन मजली, लालसर रंगाची, उतरत्या छपरांची. खिडक्यांच्या वरच्या बाजूला अर्धगोल नक्षीदार लाकूडकाम आहे. आत संगमरवरी फरशीचे मोठे दालन आहे. आता ही वास्तू राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असून तिथे वस्तुसंग्रहालय आहे. कोकणात असा वाडा दुसरा नाही, कारण ज्याच्यासाठी तो बांधला तो राजा इथला नव्हताच. तो ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा होता.

1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले ही त्याची राजधानी घेतली. राजाला आवराआवर करायला पुरता दिवसही दिला नाही. राजा थिबा, राणी सुपयालात आणि त्यांच्या दोन लहान मुली यांना बोटीत बसवून इरावती नदीतून रंगूनला नेले, तिथून समुद्रमार्गे मद्रासला. थोरली राजकन्या तेव्हा पाच वर्षांची होती, दुसरी तीन वर्षांची. राणीला दिवस गेलेले होते. तिसरी मुलगी 1886 च्या मार्चमध्ये मद्रासला झाली, आणि पुढच्याच महिन्यात सगळ्यांना पुन्हा बोटीत घालून रत्नागिरीला आणले. ओली बाळंतीण, मांडीवर महिन्याचे मूल, हाताशी दोन चिमुरड्या आणि पुढे माहीत नसलेला मुलूख. बाळंतिणीचे हाल आपल्याला वेगळे सांगायला नकोत. चौथी मुलगी 1887 मध्ये इथे रत्नागिरीतच जन्मली.

रत्नागिरीच का? कारण त्या काळी इथे आगगाडी नव्हती, घाटरस्ता अवघड होता आणि पावसाळ्यात बोटी बंद पडायच्या. राजाला जगापासून लांब ठेवायला इंग्रजांना अशीच जागा हवी होती.

मुले ऐकत होती. हे पाटी वाचून दाखवीत होते. मग त्यांनी राजवाडा कधी बांधला ते वाचले आणि मी मनात हिशेब केला. हा वाडा 1910 मध्ये पुरा झाला. म्हणजे राजकुटुंब रत्नागिरीत आल्यावर चोवीस वर्षांनी. तोवर ते सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिले. वाडा झाला तेव्हा थोरली राजकन्या तीस वर्षांची होती आणि सगळ्यांत धाकटी तेवीस वर्षांची. एवढी दालने, एवढ्या खिडक्या, एवढी मोकळी जागा, पण त्यात लहान मूल म्हणून धावायला त्या चौघींपैकी एकही उरली नव्हती.

थोरलीने विचारले, "आई, त्या मुली शाळेत कुठल्या जायच्या?"

"त्या शाळेत जात नव्हत्या. राजाला परवानगीवाचून बाहेर जाता येत नव्हतं. मुलीही घरातच असायच्या."

"मग खेळायच्या कुणाशी?"

"घरातल्या नोकरमाणसांत राहायच्या. त्यांच्याकडूनच मराठी शिकल्या."

ती खिडकीशी गेली. खाडीकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "त्यांना कुणी सांगितलं होतं का, आता परत जायचं नाही म्हणून? का त्यांनाबी आंबे खायलाच आणलं होतं?"

सहा महिन्यांत ती एवढे पहिल्यांदाच बोलली होती. मला उत्तर सुचेना. हे तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बाळा, आम्ही तुला फसवलं. चुकलं आमचं. इथून पुढं खरं तेच सांगू." बापाने मुलीपुढे चूक कबूल करावी, असे आमच्या घरात आजवर घडले नव्हते. पोरगी त्यांच्या कमरेला मिठी मारून मोठ्याने रडली. मेमध्ये अडलेले ते रडे नोव्हेंबरात बाहेर पडले. पहारेकरी बघत होता, पण बिचारा काही बोलला नाही.

राजा रमला नाही, मुली रमल्या

पुढे राजाचे काय झाले, हेही मुलांना सांगितले. राजा सरकारकडे अर्ज-विनंत्या करीत राहिला, पण त्याला मायदेश पुन्हा दिसला नाही. 1916 च्या डिसेंबरात तो इथेच वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. 1919 मध्ये राणी आणि मुलींना ब्रह्मदेशात परत जाता आले. म्हणजे तेहतीस वर्षांनी त्या 'आपल्या घरी' गेल्या.

पण घर म्हणजे काय, ते थोरल्या राजकन्येकडे बघितले की कळते. ती रत्नागिरीला परत आली. इथल्याच वाड्यावरच्या एका मराठी नोकराशी तिचा जीव जडला होता आणि तिला एक मुलगी होती. ब्रह्मदेशातल्या नातेवाइकांपेक्षा तिला रत्नागिरीचे आकाश जवळचे वाटले असावे. 1947 मध्ये ती इथेच वारली. तिची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, मराठीच बोलली, इथल्याच माणसाशी तिचे लग्न झाले, गोवऱ्या थापल्या, मुलेबाळे वाढवली. 2000 साली ती वारली तेव्हा राजाची नात म्हणून तिला ओळखणारे होते, तसे शेजारीण म्हणून ओळखणारेही होते. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीचे दर्शन घ्यायला रत्नागिरीला येऊन गेले.

या गोष्टीतून मी एक समजले. मोठे माणूस जुन्या घराची वाट बघत जन्म काढते. मुलाचे तसे नसते, त्याचे मूळ नव्या मातीत धरते. पण त्याला माती लागते. माती म्हणजे मोठे घर नव्हे. बरोबरीची मुले, इथली बोली, शाळा, शेजार आणि घरच्यांचा खरा शब्द, ही ती माती. राजकन्यांना वाडा उशिरा मिळाला, आणि सवंगडी तर मिळालेच नाहीत. जे थोडे मिळाले ते नोकरमाणसांच्या मायेतून. तेवढ्यावरही एकीने मूळ धरले.

टिळक आळीत

तिथून आम्ही टिळक आळीत गेलो. लोकमान्यांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीत झाला. त्यांचे तिथले कौलारू घर आता स्मारक म्हणून जपलेले आहे. थोरलीला त्यांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट पाठ होती. तिला ठाऊक नव्हते ते हे, की टिळकही दहा वर्षांचे असताना हे घर सोडून गेले. 1866 मध्ये त्यांचे वडील गंगाधरपंत यांची बदली पुण्याला झाली. आम्ही घाट उतरून इकडे आलो, ते घाट चढून तिकडे गेले. पुण्याला गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची आई वारली. नवे गाव, नवी शाळा आणि आई नाही. दहा वर्षांच्या पोराने काय सोसले असेल! वडिलांनी मात्र त्यांना लहानपणापासून घरीच संस्कृत आणि गणित शिकवले होते. ती शिदोरी बरोबर होती.

"म्हंजी टिळकबी रडले असतील?" धाकट्याने विचारले.

"रडले असतील की," हे म्हणाले. "रडलं म्हणून कुणी लहान होत नाही."

त्या रात्री धाकट्याचे अंथरूण कोरडे राहिले, असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. ते थांबायला आणखी दोन महिने लागले. पण मी पुन्हा त्याला रागावले नाही.

मग आम्ही काय केले

आपल्या शेतकरी घरांत आता स्थलांतर नवे राहिलेले नाही. कुणी ऊसतोडीला जाते, कुणी मुंबईला, कुणी बागेवर, कुणाची जमीन धरणात जाते. आम्ही ज्या कोयनानगरवरून आलो, तिथल्या धरणासाठी कितीतरी गावे उठली आणि त्यांतली पोरे कुठल्या कुठे जाऊन वाढली. मोठ्यांच्या जमिनीचा हिशेब सरकारदरबारी होतो. मुलांच्या मनाचा हिशेब आईबापांनाच ठेवावा लागतो. म्हणून आम्ही केले ते सांगते. त्यात पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, आजीचा फोन पुन्हा सुरू केला. रोज नव्हे, दर रविवारी सकाळी, ठरल्या वेळी. आधी पोरगी रडायची, मग सांगायची, मग भांडायची, "आजी, माझी शेळी कुणाला देऊ नको!" ठरलेली वेळ असली की मूल आठवडाभर धीर धरते.

दुसरी गोष्ट, ताटात जुने आणि नवे शेजारी ठेवले. दिरांनी धाडलेल्या ज्वारीची एक भाकरी आणि काकींनी शिकवलेली सोलकढी. मासळी खाच, असा आग्रह सोडला. वर्षाने थोरलीने आपण होऊन बांगडा मागितला.

तिसरी गोष्ट, मुलांच्या हाताला इथले काम दिले. थोरलीने माणहून आणलेली मूठभर ज्वारी गडग्याकडेला पेरायचे ठरवले. काकी म्हणाल्या, "पोरी, ह्या पावसात ज्वारी कुजेल. नाचणी लाव." मग तिने दोन्ही लावल्या. ज्वारी पिवळी पडली, नाचणी भरली. पहिल्या नाचणीची भाकरी तिने सगळ्या वाडीत वाटली. त्या दिवशी वाडीतल्या पोरी पहिल्यांदा आमच्या पडवीत आल्या. मैत्रिणी आपण आणून देता येत नाहीत, पण त्यांनी यावे असे निमित्त घरात ठेवता येते.

चौथी गोष्ट शाळेची. मी गुरुजींना जाऊन भेटले आणि सांगितले, "पोरगी हुशार आहे, फक्त तिच्या बोलण्याला मुलं हसतात." गुरुजी शहाणे होते. त्यांनी तिला माणमधल्या मेंढ्यांविषयी वर्गात सांगायला उभे केले. मेंढ्या कशा कातरतात, लोकरीची घोंगडी कशी विणतात, वाडा कसा बसवतात. इथल्या मुलांनी हे कधी पाहिले नव्हते. हसणारी पोरे ऐकू लागली.

शाळेबद्दल आणखी एक महत्त्वाचे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला पहिली ते आठवीच्या वर्गात घेताना, जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही किंवा लांबवता येत नाही. दाखला मागून आणता येतो. कामासाठी गाव सोडणाऱ्या बहिणींनी हे ध्यानात ठेवावे. "दाखला नाही" म्हणून मूल घरी बसवू नये. राजाच्या मुली घरी बसल्या, त्यांना कुणी शाळेत घाला म्हणणारे नव्हते. आपल्या मुलांना कायद्याचा आधार आहे.

आणि शेवटची गोष्ट, सगळ्यांत अवघड. मी स्वतः रडगाणे थांबवले. पहिले सहा महिने मी पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "काय हा पाऊस, काय ही ओल, आमच्याकडं असं नव्हतं." मुले ते ऐकत होती. आईच या घराला आपले म्हणत नाही, तर मूल कसे म्हणेल? तुळस लावली, खळे सारवले, दारात रांगोळी काढली, तेव्हा कुठे घरात पाय ठरले. हे सगळे सुखाने झाले नाही. आजही मृगाचा पहिला पाऊस पडला की मला माणच्या मातीचा वास आठवतो. पण तो मी आता मुलांपुढे कुरकुर म्हणून नव्हे, गोष्ट म्हणून सांगते.

आता

थोरली आता सतरा वर्षांची आहे. जत्रेला माणला जाताना आमसुले आणि आंब्याची पेटी घेऊन जाते आणि येताना ज्वारीचे पोते घेऊन येते. तिकडे गेली की चुलतभावंडे तिला "कोकणी" म्हणून चिडवतात, इकडे मैत्रिणी "घाटी" म्हणतात. ती दोन्हीकडे हसते. दोन्ही बोली तिला येतात.

धाकट्याला माण आठवत नाही. मागच्या वर्षी शाळेची सहल थिबा राजवाड्यावर गेली. तो घरी येऊन म्हणाला, "आई, आपण इथं आलो होतो ना? तायडी रडली होती." तेवढे त्याला आठवते.

तुम्ही रत्नागिरीला आलात तर समुद्र बघा, आंबे न्या, पण मुलांना घेऊन थिबा राजवाड्यावरही जरूर जा. त्या खिडकीशी उभे राहून त्यांना चार राजकन्यांची गोष्ट सांगा. आणि घर बदलायचा विचार तुमच्या मनात असेल, तर ते मुलांना तिथेच सांगून टाका. घाट उतरण्याआधी सांगितलेले खरे, उतरल्यावर सांगितलेल्या खऱ्यापेक्षा हलके असते.